शेपटीला नोकर कशाला?

माझा भाचा ओहायोत असतो. गेली चार वर्षं तो गॅरेजमध्ये विमान बांधतोय. आरव्ही-१०, चार माणसांचं, सुट्या भागांचं किट आणून. रविवारी फोनवर म्हणाला, "मामा, यॉ डँपर बसवू का? सगळे म्हणतात, हवाच." मी मराठी माध्यमाचा बी.ए., मला काय कळणार? पण मास्तरला विचारलं की तो वाचणार, आणि वाचलं की बोलणार!

विमानाचं नाक डावी-उजवीकडे डोलू लागलं की ते ओळखून सुकाणू आपणहून हलवणारी मोटर आणि तिची यंत्रणा, म्हणजे यॉ डँपर. मोठ्या जेटना तो लागतो. त्यांचे पंख मागे झुकलेले, उड्डाण विरळ हवेत. शेपटी डोलली की पंखही डोलतात. याला डच रोल म्हणतात. ऑक्टोबर १९५९ मध्ये वॉशिंग्टन राज्यात बोइंग ७०७ च्या प्रशिक्षण-उड्डाणात तो हाताबाहेर गेला. इंजिनं तुटून पडली आणि आठांपैकी चार जण गेले.

पण भाच्याचं विमान म्हणजे ७०७ नव्हे! पंख सरळ, हवा दाट. शेपटी हलली तरी थोड्या वेळात आपली आपण थांबते.

मागच्या सीटवर हेलकावे जास्त लागतात, मळमळतं, हे मात्र खरं. तिथे माझी बहीणच बसणार आहे, तेव्हा मी हे हसण्यावारी नेत नाही. पण मग त्याला 'आराम' म्हणा, 'गरज' म्हणू नका.

माझा खरा आक्षेप पुढेच आहे. उतरताना हे यंत्र सहसा बंद करतात. आणि छोट्या विमानांचा घात कुठे होतो? उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर. वेग कमी, धावपट्टी हुकतेय म्हणून सुकाणूवर नको तितका पाय, आणि एक पंख आधी कोसळून विमान गिरकी घेतं. सावरायला खाली उंचीच नसते. म्हणजे दोन तास नोकराने पाय चालवायचे, आणि शेवटची दोन मिनिटं मालकाच्या सवय मोडलेल्या पायांवर!

वर्गात कॅल्क्युलेटरला माझा विरोध नव्हता. पाढे पाठ होण्याआधी तो हातात देण्याला होता.

म्हणून भाच्याला सांगितलं, मोटरची बैठक आणि वायरी आत्ता घालून ठेव, नंतर शेपटी उघडायला नको. पहिले शंभर तास स्वतःच्या पायांनी उडव. मग आईला त्रास झालाच, तर खुशाल बसव.

तो हसला. "मामा, सायकलला आधाराची चाकं लावू दिली नव्हतीत, तेव्हाही हेच म्हणाला होतात. माझे गुडघे फुटले होते."

फुटले होते खरे. पण इथे गुडघ्यांवर निभावणार नाही, म्हणूनच पाय आधी तयार हवेत.

असो. वाचकांत कुणी वैमानिक असेल आणि माझं चुकत असेल, तर जरूर कान धरावा.