चूल न पेटवता न्याहारी: भिजवलेला कुट्टू



पहाटे साडेचारला उठून सव्वापाचची गाडी धरणाऱ्या आपल्यापैकी कितीजणी घरातून पोटात काही घालून निघतात? फार तर चहा आणि दोन बटर. मग अकराला डब्यावर तुटून पडायचे. पोरेही तशीच शाळेत जातात. त्यात महिनाअखेरीस सिलिंडर संपला, तर चहाचेही वांधे. म्हणून या वेळी गॅस न पेटवता होणारी न्याहारी सांगतो.

कुट्टूचे नाव काढताच शेजारच्या ताई म्हणाल्या, "अहो, ते तर उपवासाचे! ते सारे आपण केव्हाच सोडले." खरे आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या कितीतरी आयाआज्यांनी नवरात्राचे उपवास बंद केले, आणि दुकानात कुट्टू बसतो तो साबुदाण्याशेजारीच. पण त्यात दाण्याचा काय दोष? लडाख, सिक्कीम, तवांगकडचे बौद्ध तो रोजचे अन्न म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. जपानात त्याच्या पिठाच्या शेवया करतात, त्यांना सोबा म्हणतात. इंग्रजीत त्याला बकव्हीट म्हणत असले तरी गव्हाशी त्याचे नाते नाही. तो आपल्या आंबट चुक्याच्या कुळातला! १०० ग्रॅम कुट्टूत सुमारे १३ ग्रॅम प्रथिने असतात, तांदळात सातच्या आसपास.

आणताना सोललेले, फिकट हिरवट, तीन कोनांचे दाणे मागा. काळपट टरफलाचे नकोत, भाजलेले तपकिरीही नकोत. पीठ तर मुळीच नको. पीठ लवकर खराब होते. २०११ च्या चैत्र नवरात्रात दिल्लीकडे कुट्टूचे पीठ खाऊन शेकडो लोक आजारी पडले होते. शिवाय पीठ कच्चे खायचे नसते.

चौघांसाठी एक वाटी दाणे तीनचार पाण्यांनी धुवा आणि तीन वाट्या पिण्याच्या पाण्यात रात्री भिजत घाला. सकाळी पाणी बुळबुळीत झालेले दिसेल. घाबरू नका, कुट्टूचा तो स्वभावच आहे. चाळणीत ओतून बुळबुळ जाईपर्यंत पिण्याच्याच पाण्याने धुवा. मग दोन पिकली केळी कुस्करून, सहासात बिया काढलेले खजूर चिरून, तीन चमचे शेंगदाण्याचे कूट आणि वाटीभर दही घालून कालवा. दात नसलेल्या आजीसाठी पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये अर्धवट वाटून घ्या. गोड नको असेल त्यांनी केळीखजुराऐवजी कांदा, कोथिंबीर, मीठ, लिंबू घालावे. आम्हाला स्वतःला हेच जास्त आवडते.

एक फजिती सांगायलाच हवी. मे महिन्यात पत्र्याच्या घरात आम्ही रात्रभर दाणे भिजवले. सकाळी वर फेस, आंबूस वास! सगळे टाकून द्यावे लागले, जीव हळहळला. उन्हाळ्यात पहाटे उठल्याबरोबर भिजवा. दीड-दोन तासांत दाणा खाण्याजोगा मऊ होतो. तुम्ही निघून गेलात तर कालवायचे काम थोरल्या मुलावर सोपवा, मुलीवरच का? कुणाकुणाला कुट्टूची ॲलर्जी असते. पहिल्यांदा चमचाभरच द्या आणि अंगावर पित्त उठले किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा. लहान बाळांना आणि गरोदर बाईला मात्र दाणे शिजवूनच द्या.

आता भावाचे. कुट्टू महाग पडतो, हे कबूल. रोज तोच हवा असा आमचा हट्ट नाही. तो परवडत नसेल तेव्हा जाडे पोहे धुऊन दह्यात भिजवा, वर तेच कूट आणि केळे. कुट्टू ठेवा पौर्णिमेला. अष्टशील घेणाऱ्यांना दुपारी बारानंतर जेवायचे नसते आणि सकाळी विहारात वंदनेला लवकर पोचायचे असते. अशा दिवशी दोन वाट्या रात्रीच भिजत घाला, म्हणजे विहारात सोबतच्या म्हाताऱ्यांनाही डबा नेता येईल.