पाच सागरगोटे घरात आणा

गेल्या मे महिन्यात आठवीतली भाची आमच्याकडे राहायला आली होती. एका दुपारी मी फरशीवर पाच सागरगोटे टाकले आणि तिला हाक मारली. केवळ माझा मान राखायचा म्हणून तिनं मोबाइल बाजूला ठेवला. पहिल्या दिवशी वर उडवलेला गोटा तिच्या हातून निसटायचा, नाहीतर खालचा उचलताना शेजारचा हलायचा आणि डाव जायचा. तिसऱ्या दिवशी मात्र तिची नजर वरच्या गोट्यावर होती, बोटं खालच्या गोट्याकडे सरकत होती, ओठ घट्ट मिटलेले होते. दारावरची बेल वाजली, ती तिला ऐकूच गेली नाही.

मुलांचं लक्ष कशात लागत नाही, ही आज घरोघरची तक्रार आहे. लक्ष लावायला शिकवणारा एक खेळ आपल्याच घरात होता आणि आपल्याच डोळ्यांदेखत तो जातो आहे. तो वाचवायला हवा, एवढं सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

हातभर, म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटर, उंच उडवलेला गोटा परत हातात यायला जेमतेम ०.६ सेकंद लागतो. तेवढ्यात खालचा गोटा शेजारच्याला धक्का न लावता उचलायचा आणि त्याच हातानं वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. विचार करावा लागतो तो गोटे पसरण्यापासूनच. दोन-दोन उचलायचे तर जोड्या जवळजवळ पडायला हव्यात, चारही उचलायचे तर सगळे एका मुठीत मावतील इतके जवळ. चुकलं की त्याच क्षणी कळतं, कुणी सांगावं लागत नाही. मग आपली पाळी येईपर्यंत दुसरीचा डाव नीट बघत बसायचं. तो धीरही खेळातच शिकायला मिळतो.

सागरगोटे खेळल्यानं गणितात मार्क वाढतील, असं आश्वासन मी देणार नाही. मेंदूच्या खेळांबद्दल असे मोठे दावे करणाऱ्या लुमोसिटी या अ‍ॅपच्या कंपनीला अमेरिकेत २०१६ साली २० लाख डॉलर भरावे लागले, कारण दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता. माझं म्हणणं साधं आहे. एका गोष्टीत मन गुंतवून बसण्याचा आनंद मुलांना मिळाला पाहिजे आणि तो या खेळात रोज मिळतो.

मंगळागौरीच्या खेळांचं नशीब थोर. फुगडी, झिम्मा, पिंगा यांना स्टेज मिळालं, नऊवारीतले संघ तयार झाले, स्पर्धा लागल्या. सागरगोट्यांना मात्र थोडी फरशी, दोन-चार जणी आणि निवांत दुपार लागते. ती दुपारच हरवली, तसा हा खेळही दिसेनासा झाला. कोरियात पाच खड्यांचा असाच खेळ आहे, गोंगी. डिसेंबर २०२४ मध्ये ‘स्क्विड गेम’ मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये तो आला आणि जगभरच्या प्रेक्षकांना माहीत झाला. त्यांचा खेळ आपण पडद्यावर कौतुकानं बघायचा आणि आपला मात्र माळ्यावरच्या डब्यात ठेवायचा, हे बरं नव्हे.

सागरगोटा म्हणजे एका काटेरी वेलीचं बी. कुठे त्याला गजगा म्हणतात. काटेरी शेंगेतून निघणारं, राखाडी, गुळगुळीत, दगडासारखं टणक. काष्ठौषधींच्या दुकानात विचारा, मिळेल. नाहीच मिळालं तर नदीकाठचे पाच गोल खडे पुरतात.

शिक्षकांना माझी विनंती आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. त्यातला एक दिवस या खेळाला द्या आणि गावातल्या आज्यांना शिकवायला बोलवा. महिला मंडळांनी मंगळागौरीच्या स्पर्धेत सागरगोट्यांची एक फेरी ठेवावी. नातवंडांनी आजीचे नियम, तिच्या गावातली डावांची नावं, तिचे हात मोबाइलवर टिपून ठेवावेत. नियम गावागणिक वेगळे आहेत आणि बहुतेक कुठे लिहिलेलेही नाहीत. आणि हा मुलींचा खेळ म्हणून मुलांना उठवू नका. लक्ष लावायला त्यांनाही शिकायचंच आहे.

भाची परत जाताना पाचही गोटे घेऊन गेली. मी नवे पाच आणले. तुम्हीही आणा, आणि आज संध्याकाळी जेवणाआधी पंधरा मिनिटं मुलांबरोबर फरशीवर बसा. पहिला गोटा तुम्ही उडवा.