पिंजऱ्यात बाळ, बाहेर चिंपांझी

टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात मुलाला वाढवणाऱ्या जेन गुडॉल यांचं कौतुक करताना आपण एक तपशील हमखास गाळतो: पिंजरा. त्यांचा मुलगा, घरातला 'ग्रब', १९६७ साली जन्मला. तान्हा असताना त्याला जाळीबंद जागेत ठेवत. चिंपांझी माकडांची शिकार करून खातात, हे गुडॉल यांनीच जगाला सांगितलं होतं. त्या भागात चिंपांझींनी माणसांची तान्ही मुलं पळवल्याचंही त्यांना ठाऊक होतं. मग काय, चिंपांझी मोकळे आणि बाळ पिंजऱ्यात! मला यात स्वतःच्या निरीक्षणावर विश्वास ठेवणारी आई दिसते. (फ्लो नावाच्या चिंपांझी मादीकडून आईपण शिकले, असंही त्या सांगत.)

खटकतं ते वेगळंच. २००२ मध्ये गोंबेतच फ्रोडो नावाच्या नराने चौदा महिन्यांचं एक स्थानिक बाळ हिसकावून मारलं. ग्रबची गोष्ट आपण मुलांना रंगवून सांगतो, ही कोणी सांगत नाही. जंगलातलं बालपण साहस वाटतं ते जाळी, गाडी आणि परतीचं तिकीट हाताशी असलेल्यांना.

शिवाय सिंह-हत्तींच्या नादात डास राहूनच जातो. मलेरियाने जगात वर्षाला सुमारे सहा लाख माणसं दगावतात. बहुतेक आफ्रिकेत, आणि तिथल्या मृतांपैकी तीन-चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं. सेरेंगेटीला निघालेले मित्र विचारतात, "पोरांना सिंहाची भीती नाही ना?" मच्छरदाणी नि गोळ्यांचं विचारणारा अजून भेटायचाय. मी त्यांना आधी मुलांच्या डॉक्टरकडे धाडतो.