कामठीचे पान आणि चिठ्ठीचे मोल

अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे काळे स्तंभ आज इमारतींनी वेढले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा अवशेष. भोवतालचा दगड खणून नेला गेला आणि एवढाच उभा राहिला. उपनगरातील विद्यार्थ्याने मात्र या दगडात पानांचे ठसे शोधू नयेत. तप्त रसाखाली पान जळून जाते. ते टिकते दोन लाव्हाथरांच्या दरम्यान साचलेल्या गाळात. वरळीच्या अशाच थरात बेडकांचे सांगाडे सापडले.

महाराष्ट्रातील उत्तम पाने पाहावयाची तर नागपूरजवळ कामठीकडे वळावे लागते. तेथील वालुकाश्मात सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीची, जिभेच्या आकाराची पाने दडली आहेत. मधली शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंस जाळीदार शिरा. ‘ग्लॉसोप्टेरिस’ हे त्यांचे नाव. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर परिसरात अशी पाने गोळा केली आणि १८६१ साली बन्बरी यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना मृत्यू पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगड निघाले, आणि त्यांतही हेच पान होते! भारत व अंटार्क्टिका एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, याचा तो भक्कम पुरावा ठरला. त्या भूखंडास नाव मिळाले तेही आपल्याच गोंड प्रदेशावरून.

हा पुरावा उभा राहिला तो दगड कोठला, याची नोंद होती म्हणून. स्कॉटच्या सोबत्यांनी उपासमारीतही ती ठेवली. आपल्याकडे मात्र सुबक ठसा दिवाणखान्यात पोहोचतो आणि चिठ्ठी हरवते. मग ते पान शोभेचे ठरते, शास्त्राला निरुपयोगी. बाकीचे दगड खडीयंत्रात जातात, ते वेगळेच. भूवारसा स्थळांच्या रक्षणासाठी केंद्राने २०२२ साली विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला खरा. परंतु मसुदा म्हणजे कायदा नव्हे, आणि खाणीतील ट्रक त्यासाठी थांबत नाहीत.

सहलीवर विद्यार्थी नेणाऱ्या शिक्षकांच्या हाती एक गोष्ट आहे. ठसा दिसताच छिन्नी उचलण्याआधी गावाचे व खाणीचे नाव, थराची खोली आणि तारीख वहीत लिहावी. दगड नाजूक वा मोठा असेल तर तो जागीच ठेवून छायाचित्र घ्यावे आणि नजीकच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागास कळवावे.