बॉल हलका, खांदा भारी!

भातं कापून झाली, खाचरं सुकली, की महाड-पोलादपूरमधल्या गावागावांत बांध सपाट होतात, चुन्याच्या रेघा पडतात आणि लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री सुरू होते. इकडे मुंबई-पुण्याच्या ऑफिसांत शुक्रवारी चारपासूनच चुळबूळ. बॅग टेबलाखाली तयार असते, मुंबई-गोवा हायवेच्या ट्रॅफिकचे अपडेट्स घेणं चालू असतं. वीकएण्डला गावच्या टीमकडून खेळायचंय! दोन दिवसांत पाच-सहा मॅचेस, प्रत्येक मॅच चार-सहा ओव्हर्सची. फुल टू धमाल. आणि सोमवारी सकाळी? माऊस उचलतानासुद्धा खांद्यातून कळ.

यावर मित्रमंडळींचं ठरलेलं उत्तर असतं, 'अरे, टेनिस बॉलच तर आहे! त्याने काय होतंय?'

मंडळी, इथेच घोळ आहे. तो समजून घ्यायला थोडा वेळ अमेरिकेला जाऊ या. कारण फेकलेल्या चेंडूचा जेवढा कीस बेसबॉलवाल्यांनी पाडलाय, तेवढा क्वचितच कुणी पाडला असेल.

बेसबॉलचा पिचर उभा असतो बॅटरपासून १८.४४ मीटरवर. बॉल साधारण १४५ ग्रॅमचा. ताशी १४५ किलोमीटरने सुटला, की ०.४ सेकंदात पोहोचला. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण त्याला पाऊण मीटर खाली खेचायला बघतं. पण पिचरने बोटांनी उलटी फिरकी दिलेली असते. फिरता बॉल मागची हवा खाली ढकलतो, हवा बॉलला वर ढकलते आणि बॉल अपेक्षेपेक्षा कमी पडतो. बॅटरला वाटतं, बॉल उसळून वर आला! प्रत्यक्षात तो वर जात नाही, फक्त कमी खाली येतो. फिरकी उलट दिशेने दिली, की हाच बॉल झपकन खाली बुडतो. याला मॅग्नस इफेक्ट म्हणतात. १८५२ साली हे सांगणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव त्याला मिळालं. पण गंमत बघा, चेंडू वळतो हे १६७२ साली न्यूटनने लिहून ठेवलं होतं, १८७७ साली लॉर्ड रॅलेने त्यावर अख्खा निबंध लिहिला आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर होता तो टेनिसचा बॉल. म्हणजे आपलाच!

आता आपल्या बॉलचा हिशेब. साधा टेनिस बॉल जेमतेम ५७-५८ ग्रॅमचा. लेदर बॉल १६० ग्रॅमच्या आसपास. पण आकारात दोघांत फारसा फरक नाही, वर टेनिस बॉलला लव असते. म्हणजे हवेला धरायला तेवढाच मोठा बॉल, पण वजन एक तृतीयांश. ताशी १०० किलोमीटरने सुटलेल्या टेनिस बॉलवर हवेचा अडथळा त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त असतो. बेसबॉल बॅटरपर्यंत जाताना साधारण दहा टक्के वेग गमावतो, तर टेनिस बॉल तेवढ्याच अंतरात पावाहून जास्त. टप्पा पडल्यावर आणखी कमी होतो तो वेगळाच. 'बॉल थांबून आला' म्हणून बॅट्समन कपाळाला हात लावतो, त्यामागे पिचइतकीच हवाही असते.

आणि बॉलरचं काय? त्याला वाटतं, आपला पेस कमी पडतोय. मग तो अजून जोर लावतो. कशाचा? हाताचा. हेच महागात पडतं.

कारण बॉलचं वजन हा खांद्याचा खरा प्रश्नच नाहीये. सत्तर किलोच्या माणसाचा एक हात साडेतीन किलोच्या आसपास भरतो. त्याच्यापुढे ५८ ग्रॅम म्हणजे किस झाड की पत्ती! हा साडेतीन किलोचा हात आधी भन्नाट वेगाने फिरवायचा आणि बॉल सुटल्यावर क्षणार्धात थांबवायचा. सगळा खर्च तिथे होतो. बेसबॉलच्या पिचरचा दंड खांद्यात ज्या वेगाने फिरतो, तो सेकंदाला ७००० अंशांच्या घरात मोजला गेलाय. तोच वेग सेकंदभर टिकला, तर १९ गिरक्या! त्याला ब्रेक लावतात खांद्याच्या मागचे छोटेसे स्नायू. तेच, जे आठवडाभर कीबोर्डवर वाकून सुस्तावलेले असतात. म्हणून बॉल तिप्पट हलका, तर ताणही तिप्पट कमी, हे गणित चुकीचं.

हात सरळ ठेवून केलेल्या बॉलिंगमध्ये कोपर तरी बरंचसं वाचतं. पण सीमारेषेवरून केलेला थ्रो म्हणजे थेट बेसबॉलचाच थ्रो. आणि गावच्या मॅचमध्ये ज्यावरून हमखास राडा होतो, ती फेकी बॉलिंग? आयसीसीने २००५ पासून कोपर जास्तीत जास्त १५ अंश सरळ होण्याची मुभा दिलीय. त्यापुढचं सगळं फेकीच. कोपर वाकवून झटका दिला की वेग वाढतो हे खरं, पण तो झटका कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर येतो. टॉमी जॉन नावाच्या पिचरचं हेच लिगामेंट गेलं होतं. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हाताचा टेंडन काढून कोपरात बसवला. १९७६ ला तो पुन्हा मैदानात उतरला आणि १९८९ पर्यंत खेळला. आज ती सर्जरी त्याच्याच नावाने ओळखली जाते.

अमेरिकेच्या लिटल लीगमध्ये २००७ पासून पोरांनी किती बॉल टाकले ते मोजतात. ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ बॉल, बस्स. आपल्याकडे? गावातला दहावीतला पोरगा चांगला टाकतो म्हटल्यावर सकाळच्या मॅचपासून फायनलपर्यंत त्यालाच बॉलिंग. वर मधल्या वेळात डीप मिडविकेटवरून थ्रो! 'दुखतंय' म्हणाला, तर 'अरे, वयच काय तुझं' म्हणून गप्प करायचं.

मग करायचं काय? फंडा सिंपल आहे. गोफण आठवा. गोफणीतला दगड बोटांच्या ताकदीने जात नाही, दोरीच्या शेवटच्या टोकाला वेग पोहोचतो म्हणून जातो. बॉलिंगमध्ये हात ही दोरी. वेग सुरू होतो पायांत, मग कंबर, मग छाती आणि सगळ्यात शेवटी हात. रन-अप घाईत आटपून नुसता हात झटकलात, की सगळं बिल खांद्यावर फाटतं. मॅचआधी दहा मिनिटं धावा, हात फिरवा, आधी जवळचे थ्रो, मग लांबचे. बाउण्ड्रीवरून थेट कीपरकडे फेकण्याचा हट्ट सोडा. मध्ये एक फील्डर उभा करा, बेसबॉलवाले तेच करतात. पेस मिळत नसेल तर फिरकी द्या. हलक्या बॉलवर हवेची हुकमत जास्त, मग तिलाच कामाला लावा की!

आणि कॅप्टन असाल, तर स्कोअररच्या वहीत आणखी एक कॉलम वाढवा. दिवसभरात कुणी किती बॉल टाकले, त्याचा. तुम्ही रविवारी रात्री गाडी पकडून निघून येता. त्या दहावीतल्या पोराला पुढच्या रविवारी, दुसऱ्या गावात, त्याच खांद्याने पुन्हा बॉलिंग टाकायची असते.