नवी खिडकी, पण हवा निम्मी? घराच्या खिडक्या बदलताना नेमकं काय तपासायचं?

शेजारी पुनर्विकासाचं काम सुरू आहे, समोरच्या रस्त्यावर दिवसरात्र हॉर्न वाजतायत आणि पावसाळ्यात खिडकीतून पाणी आत येतंय. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या अनेक घरांत यावर एकच उपाय काढला जातो, तो म्हणजे खिडक्या बदलून टाकायच्या. गंजलेल्या लोखंडी चौकटी किंवा फुगलेले लाकडी पल्ले जातात आणि त्यांच्या जागी ॲल्युमिनियम किंवा यूपीव्हीसीच्या सरकत्या खिडक्या येतात.

चर्चा मात्र बहुतेक वेळा दोनच प्रश्नांभोवती फिरते. मटेरियल कोणतं आणि चौरस फुटाचा दर काय? घरात येणारी हवा, आगीच्या वेळची सुटकेची वाट आणि खाली रस्त्यावरून चालणाऱ्यांची सुरक्षा यांचाही या बदलाशी थेट संबंध आहे.

स्लायडिंग खिडकीने हवा कमी होते का?

हो, आणि त्याचा हिशोब सोपा आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. त्यात खिडकीच्या प्रकारानुसार तिचा किती भाग प्रत्यक्ष उघडतो, हे दिलं आहे. बिजागरीच्या पल्ल्यांची खिडकी सुमारे ९० टक्के उघडते. दोन काचांची सरकती खिडकी फक्त ५० टक्के आणि तीन ट्रॅकवरची तीन काचांची खिडकी ६७ टक्के उघडते.

समजा, खिडकी ५ फूट बाय ४ फुटांची, म्हणजे २० चौरस फुटांची आहे. जुने पल्ले उघडल्यावर हवेला १८ चौरस फूट जागा मिळायची. दोन काचांची स्लायडिंग बसवली की ती १० चौरस फुटांवर येते. भिंतीतली मोकळी जागा तेवढीच राहते, पण हवेची वाट जवळपास निम्मी होते.

मुंबई, कोकण, गोव्यासारख्या उष्ण आणि दमट भागासाठी हीच संहिता सांगते की घरातल्या खिडक्या-दारांचा उघडणारा भाग चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावा. नागपूरसारख्या संमिश्र हवामानात हे प्रमाण १२.५ टक्के आहे. संहिता नव्या प्रकल्पांसाठी आहे, जुन्या घरातली खिडकी बदलणाऱ्यावर तिचं बंधन नाही. पण घाम वाळायला हवा किती लागते, याचा अंदाज त्यातून येतो.

यूपीव्हीसी घेतलं की घर थंड राहतं का?

यूपीव्हीसी म्हणजे मऊपणा आणणारी रसायनं न घातलेलं पीव्हीसी. ॲल्युमिनियममधून उष्णता त्याच्यापेक्षा शेकडो पटींनी सहज आरपार जाते, त्यामुळे चौकटीपुरता यूपीव्हीसीचा फायदा खरा आहे. ते गंजत नाही आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत टिकतं. मात्र मोठ्या खिडकीत वाऱ्याच्या दाबाने ते वाकू नये, म्हणून आतून पोलादी पट्टीचा आधार लागतो. तो आहे की नाही, हे ऑर्डर देण्याआधीच विचारायला हवं.

पण उन्हाळ्यात घर तापतं ते मुख्यतः काचेवर थेट पडणाऱ्या उन्हामुळे. पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा, बाहेरचा पडदा किंवा ऊन अडवणारी काच असेल, तर चौकटीच्या मटेरियलपेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो. दुहेरी काचेचा खरा उपयोग आत-बाहेरच्या तापमानात मोठा फरक असतो तिथे, म्हणजे थंड प्रदेशात किंवा दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत होतो.

आवाज कमी होतो का?

होतो, पण खिडकी बंद असेल तेव्हाच. रबर गॅस्केटवर घट्ट दाबून बसणारा पल्ला आवाज चांगला अडवतो. सरकत्या खिडकीत काच सरकण्यासाठी फट ठेवावीच लागते आणि आवाज तिथूनच शिरतो. दोन काचांमध्ये चिकट थर असलेली लॅमिनेटेड काच साध्या काचेपेक्षा उजवी ठरते. पण शांततेसाठी खिडकी कायम बंद ठेवली की एसी किंवा पंख्याचं बिल वाढणार, हेही गृहीत धरायला हवं.

ग्रिलचं काय करायचं?

लहान मुलं आणि चोरी, या दोन कारणांसाठी ग्रिल हवीच असते. धोका असतो तो पूर्ण वेल्ड केलेल्या ग्रिलचा. दाराबाहेर आग लागली आणि जिना धुराने भरला, तर अग्निशमन दलाची शिडी खिडकीपर्यंत पोहोचूनही माणूस बाहेर काढता येत नाही. आधी ग्रिल कापावी लागते.

म्हणून प्रत्येक बेडरूमच्या निदान एका ग्रिलला आतून उघडणारा, मोठा माणूस बाहेर पडू शकेल एवढा भाग असावा. त्याची किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही, पण घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला अंधारातही सापडेल अशा ठिकाणी हवी. लॅमिनेटेड काच सहज फुटून पडत नाही, त्यामुळे तिथे पल्ला पूर्ण उघडणं आणखी महत्त्वाचं.

बसवण्यातली चूक किती महाग पडते?

खिडकी गळते तेव्हा दोष बहुधा बसवणीत असतो. चौकट आणि भिंत यांच्यातली फट सिमेंट फासून बुजवली की काही महिन्यांत तडा जातो. ती फट फोमने भरून बाहेरून सिलिकॉन सीलंट लावायला हवं. खिडकीच्या सिलचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जाण्यासाठी भोकं असतात, ती अनेकदा सीलंटनेच बंद होतात.

उंच इमारतीत ही चूक खालच्यांच्या जिवावर बेतू शकते. सिंगापूरमध्ये पल्ल्याच्या खिडक्यांचे ॲल्युमिनियमचे रिव्हेट झिजून खिडक्या कोसळायच्या. २००४ पासून तिथे स्टेनलेस स्टीलचे रिव्हेट सक्तीचे आहेत आणि खिडकी पडली तर घरमालकाला दंड किंवा तुरुंगवासही होऊ शकतो. हाँगकाँगने २०१२ मध्ये जुन्या इमारतींसाठी खिडक्यांची सक्तीची तपासणी सुरू केली. दमट, खारी हवा आणि उंच टॉवर मुंबईतही आहेत. इथे मात्र खिडकीच्या स्क्रूकडे लक्ष देण्याची जबाबदारी प्रत्यक्षात घरमालक आणि सोसायटीवरच येऊन पडते.

परवानगी लागते का?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ नुसार इमारतीच्या बाह्यरूपात फारसा बदल न करणाऱ्या दुरुस्तीला विकास परवानगीची गरज नसते. भिंत फोडून खिडकी मोठी करणं किंवा बाल्कनी बंद करणं त्यात बसत नाही. काम साधं असलं तरी सोसायटीला लेखी कळवून तिची परवानगी घ्यावी, कारण बाहेरची भिंत सगळ्यांची असते.

दर ठरवण्याआधी काय विचाराल?

खिडकीचा किती भाग उघडणार, स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत का, काच टफन्ड आहे की लॅमिनेटेड आणि गळती झाली तर दुरुस्ती कोण करणार? या चार गोष्टी कोटेशनवर लिहून घ्याव्यात. चौरस फुटाला सर्वांत कमी दर सांगणाऱ्या कोटेशनमध्ये अनेकदा नेमक्या याच गोष्टी गाळलेल्या असतात.