मेंढरांपुढचा टोमॅटो
नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे भाव कोसळले की २० किलोच्या क्रेटमागे तोडणी, गाडीभाडं, हमालीही सुटत नाही. मग आम्ही उभ्या पिकात मेंढरं सोडतो. लालबुंद फळं खुरांखाली फुटताना बघवत नाही. अन् गावच्या शाळेत पोरांपुढे पातळ आमटी-भात! संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, ६० टक्के घराघरांतून. शेतात सडलेलं तर त्यात धरलेलंच नाही. उरलंसुरलं वाटून पोरांची ही भूक भागायची नाही. शालेय पोषण आहाराची भाजी तालुक्यातल्याच शेतकरी कंपन्यांकडून, खर्च निघेल अशा आधी ठरवलेल्या भावानं घ्या. जास्तीच्या मालासाठी बाजार समितीलगत प्युरीचा कारखाना उभारा, तोही पुढच्या हंगामाआधी.